खात्यातून पैसे गेले, नावावर कर्ज निघालं: बेळगाव-सीमाभागातल्या माणसाने काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने करायचं

पैसे कट झाल्याचा मेसेज आला की आपल्याकडे काय होतं ते ठरलेलं आहे. आधी घरात आरडाओरडा, मग पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाला फोन, मग 'उद्या बँक उघडली की बघू'. तो उद्या उजाडेपर्यंत पैसे चार खात्यांतून फिरून कुठल्या तरी एटीएममधून निघालेले असतात.

मी सहकारी बँकेच्या काउंटरवर नोकरी केली. निवृत्तीनंतर बेळगावच्या शहापुरात लोकांचे अर्ज लिहून देतो. येळ्ळूर, खानापूरकडून लोक येतात, कधी चंदगडचेही येतात. बहुतेकांना पहिल्यांदा एकच गोष्ट विचारायची असते: 'खातं कोल्हापूरच्या शाखेत, राहायला बेळगावात, तक्रार द्यायची कुठं?' जिथे आहात तिथूनच द्यायची. सीमाभागात हद्दीचा विचार करण्यात जेवढा वेळ जातो, तेवढा चोराला पुरतो.

पहिला तास: आधी १९३०, मग बाकी सगळं

१९३० हा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या यंत्रणेचा देशभरासाठीचा नंबर आहे. तिथे तक्रार नोंदली की ती तुमच्या बँकेच्या पडद्यावर जाते. पैसे पुढे ज्या बँकेत किंवा वॉलेटमध्ये गेले, तिकडेही जाते. तिथे रक्कम शिल्लक असेल तर रोखून धरतात. पुढे गेली असेल तर तक्रार तिच्या मागे पुढच्या बँकेकडे सरकते. त्यामुळे पंधरा मिनिटांत केलेला फोन आणि संध्याकाळी केलेला फोन यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

फोन लावताना खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक समोर ठेवा. यूपीआयचा असेल तर तो १२ आकडी असतो, ॲपच्या हिस्ट्रीत सापडतो. पलीकडचा माणूस कन्नडमध्ये बोलला तर घाबरू नका. हिंदीत सांगा, नाहीतर कन्नड येणाऱ्या शेजाऱ्याला फोन द्या. लाईन व्यस्त असेल तर वाट बघत बसू नका, सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर स्वतः तक्रार भरा. फोनवर नोंदली असली तरी मेसेजमध्ये आलेला पोच क्रमांक घेऊन पोर्टलवरची पूर्ण तक्रार त्याच दिवशी भरून टाका. हा दुसरा टप्पा पुष्कळ लोक सोडतात.

घरात दोन फोन असतील तर एकाने १९३० लावावा आणि दुसऱ्याने बँक.

बँकेला सांगताना 'कार्ड ब्लॉक करा' एवढ्यावर थांबू नका. डेबिट कार्ड बंद केलं तरी त्याच खात्यावरचं यूपीआय आणि नेट बँकिंग चालू राहतं, कारण ते खात्याला जोडलेलं असतं, कार्डाला नाही. 'खात्यातून पैसे बाहेर जाणं थांबवा' असं स्पष्ट सांगा. बँकेत याला डेबिट फ्रीझ म्हणतात. जमा चालू राहते, पेन्शन अडत नाही. मुदत ठेवी असतील तर त्याही विचारा. नेट बँकिंग हातात आलं की ठेवीवर ऑनलाईन कर्ज काढून तेही वळवतात, आणि ठेवीची पावती कपाटात सुखरूप असल्यामुळे घरच्यांना ते महिनाभर कळत नाही.

बँकेचा नंबर मात्र इंटरनेटवर शोधू नका. शोधल्यावर वर येणारे 'कस्टमर केअर' नंबर पुष्कळदा चोरांनीच टाकलेले असतात, आणि घाबरलेला माणूस त्यांना हवाच असतो. कार्डाच्या मागचा नंबर किंवा पासबुकावरचा नंबर वापरा. कार्डच चोरीला गेलं तर मागचा नंबर कुठून वाचणार, म्हणून तो आजच घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. संकेतस्थळ बघायचं असेल तर शेवट 'डॉट बँक डॉट इन' आहे का बघा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत त्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाखेत: तोंडी काही नको

शाखेत गेलं की साहेब म्हणतात, 'आम्ही वर कळवलंय, बघूया.' या बघूयाला कागदावर किंमत नाही. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज शाखेच्या ईमेलवर आणि रजिस्टर पोस्टाने पाठवा. मजकूर असा चालतो:

'माझ्या बचत खाते क्र. ..... मधून दि. ..... रोजी ..... वाजता रु. ..... इतकी रक्कम गेली आहे. व्यवहार क्र. ..... . हा व्यवहार मी केलेला नाही. बँकेला दि. ..... रोजी ..... वाजता फोनवर कळवले असून तक्रार क्र. ..... आहे. १९३० वरील पोच क्र. ..... . नियमाप्रमाणे रक्कम १० कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती जमा करावी, संबंधित एटीएमचे सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवावे आणि निर्णय लेखी कळवावा.'

चित्रीकरणाचं वाक्य विसरू नका. फुटेज कायमचं ठेवत नाहीत, आणि पोलीस मागेपर्यंत ते पुसलं गेलेलं असू शकतं.

एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार जमा झाले का बघायला एटीएमवर गेल्या. मागच्या पोराने 'मावशी, द्या इकडं, मशीन हँग झालंय' म्हणून कार्ड घेतलं, फिरवून बघितलं, परत दिलं. परत दिलेलं कार्ड त्याच बँकेचं, त्याच रंगाचं, पण नाव दुसऱ्याच माणसाचं. पिन त्याने मागे उभं राहून बघितला होता. घरी पोचेपर्यंत तीनदा पैसे निघाले आणि एकदा सोन्याच्या दुकानात कार्ड घासलं गेलं. बँकेने पिन वापरला गेलाय म्हणून हात वर केले. त्यांनी त्या दिवशीच अर्जात फुटेज मागितलं होतं आणि हातात राहिलेलं दुसऱ्याचं कार्ड पोलिसांत जमा केलं होतं, म्हणून प्रकरण उभं तरी राहिलं. कार्ड कोणाच्याही हातातून परत घेतलं की नाव आणि शेवटचे चार आकडे वाचायचे, मग माणूस ओळखीचा असो वा नसो.

ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल तर अर्जात तसं लिहा, लपवू नका. बँकेच्या नोंदीत ओटीपी कधी गेला आणि कधी वापरला ते असतंच. एक खोटं वाक्य सापडलं की बाकीचा खरा अर्जही कोणी वाचत नाही.

नुकसान कोणाच्या अंगावर?

इथे लोकांचे दोन टोकाचे समज आहेत. एक, 'बँकेला भरावंच लागतं'. दुसरा, 'एकदा गेले ते गेले'. दोन्ही अर्धवट आहेत. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने याचा हिशेब आखून दिला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही तो लागू केला.

चूक बँकेची असेल तर तुमची जबाबदारी शून्य, तुम्ही कधीही कळवा. चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कुठल्या तरी यंत्रणेतून कार्डाची माहिती फुटली असेल, तर बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं की जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर काही भाग तुमचा: साध्या शून्य शिलकीच्या खात्याला जास्तीत जास्त ५,००० रुपये, बचत खात्याला आणि ५ लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला १०,०००, त्याहून मोठ्या कार्डाला २५,०००. सातच्या पुढे गेलात की बँकेच्या स्वतःच्या धोरणावर, म्हणजे त्यांच्या मर्जीवर.

चूक तुमची असेल, म्हणजे ओटीपी सांगितला, पिन कागदावर लिहून कार्डासोबत ठेवला, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. ओटीपी देऊन बसलेल्यांनीही लगेच फोन का करायचा, ते इथे आहे. पहिले वीस हजार गेले असतील, पण तुमच्या फोननंतर गेलेले ऐंशी हजार बँकेला सोसावे लागतात. म्हणून फोनची वेळ लिहून ठेवायची.

दिवस मोजण्याचीही एक रीत आहे. मेसेज आला तो दिवस धरत नाहीत, आणि कामकाजाचे दिवस तुमच्या मूळ शाखेच्या वेळापत्रकाप्रमाणे मोजतात. सीमाभागात याला महत्त्व येतं. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवामुळे बेळगावच्या बँका बंद असतात, कोल्हापूरच्या शाखेला त्यासाठी सुट्टी नसते. तुमचं खातं तिकडचं असेल तर तो दिवस मोजला जातो.

तक्रारीनंतर १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यावर दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा, हे त्याच परिपत्रकात आहे. ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारीही बँकेवर टाकली आहे. काउंटरवर हे कोणी आपण होऊन सांगत नाही, मीही तिथे बसून पाहिलंय. परिपत्रकाची तारीख तुम्ही उच्चारली की बोलण्याचा सूर बदलतो.

गल्लोगल्लीच्या पतसंस्था आणि सोसायट्यांचं वेगळं आहे. नावात 'बँकिंग' वाटलं तरी त्या रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, त्यांच्यावर सहकार निबंधक असतो. वरचे हक्क तिथे सांगता येत नाहीत. म्हणून ऑनलाईन व्यवहारांसाठी खातं बँकेतच ठेवावं, असं माझं मत.

एटीएममधून पैसे आलेच नाहीत पण खात्यातून वजा झाले, तर ती फसवणूक नव्हे. त्यासाठी पाच दिवसांत उलट जमा आणि उशीर झाला तर रोज १०० रुपये भरपाई, असा २०१९ चा स्वतंत्र नियम आहे.

पोलीस ठाणं, हद्द आणि भाषा

कर्नाटकात सायबर गुन्ह्यांसाठी 'सेन' पोलीस ठाणी आहेत: सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थ, तिन्ही एकत्र. बेळगाव शहर आयुक्तालयाचं वेगळं आणि जिल्ह्याचं वेगळं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही, म्हणून लहान ठाण्यात फौजदार 'बेळगावला जा' म्हणतात. अथणी-कागवाडच्या माणसाचा त्यात अख्खा दिवस मोडतो. तपास तिकडे जाईल, पण तक्रार घ्यायला हद्दीची आडकाठी नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे. तिलाच झिरो एफआयआर म्हणतात. 'खातं महाराष्ट्रात आहे, निपाणी ओलांडून जा' हे उत्तर चालत नाही. दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, मग न्यायदंडाधिकारी.

भाषेचं सांगतो. संविधानाच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं, मराठीतही. हक्क आहे, आणि एरवी तो बजावावा. पण पैसे गेल्याच्या दिवशी त्यावरून ठाण्यात वाद घालू नये असं मला वाटतं. इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये अर्ज करून द्या, मराठी प्रत जोडा. तक्रार तोंडी सांगितली तर ठाण्यात बहुधा कन्नडमध्ये लिहून घेतात. ती तुम्हाला वाचून दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे. वाचून, अर्थ समजून घेतल्याशिवाय सही करू नका. रक्कम, तारीख आणि 'मी ओटीपी दिला/दिला नाही' ही तीन वाक्यं नक्की काय लिहिली आहेत ते कन्नड वाचता येणाऱ्या सोबत्याकडून तपासा. नंतर बँक तोच कागद मागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते.

रोखलेले पैसे आपोआप परत येत नाहीत. त्यासाठी बऱ्याचदा न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि तिथेही पोच क्रमांक, स्टेटमेंट, एफआयआर लागतात. याच सुमारास 'तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो' म्हणून फोन येतो. तो दुसरा चोर. पहिल्यानेच तुमचा नंबर पुढे दिलेला असू शकतो.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर तक्रार, १४४४८ वर माहिती, फी नाही, वकील नको. बँकेला आधी लेखी दिलेलं असणं मात्र गरजेचं, आणि इथे त्या शिक्क्याच्या पोचेचा उपयोग होतो.

आधार, अंगठा आणि खरेदीखत

कार्ड नाही, ओटीपी नाही, तरी पैसे गेले, अशी प्रकरणं २०२३ मध्ये कर्नाटकात बरीच गाजली. आधारवरून पैसे काढायच्या पद्धतीत आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढंच लागतं. जमिनीच्या नोंदणीच्या दस्तांवर आधार नंबर आणि अंगठ्याचे ठसे दोन्ही असतात, आणि 'कावेरी' या नोंदणी प्रणालीवरून दस्तांच्या प्रती मिळत होत्या. त्यावरून ठसे बनवून पैसे काढले गेले. नंतर नोंदणी खात्याने प्रतींवरचे ठसे झाकायला सुरुवात केली. पण जुन्या प्रती कोणाकोणाच्या फाइलीत आहेत ते कोण सांगणार? आपल्याकडे वाटणीपत्रं, बक्षीसपत्रं, खरेदीखतं घरटी निघालेली आहेत.

खानापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या पासबुकात अशा दहा-दहा हजारांच्या नोंदी मी पाहिल्या. मोबाईल नंबर खात्याला जोडलेलाच नव्हता, मग मेसेज येणार कुठून? ऊसाचं बिल जमा झालं का बघायला पासबुक भरलं तेव्हा कळलं.

उपाय आहे, फुकट आहे. एमआधार ॲपवर किंवा माय आधार संकेतस्थळावर जाऊन बायोमेट्रिक लॉक करा. अंगठा कुठेच चालणार नाही. मग रेशनच्या दुकानात काय? तिथेही चालणार नाही. म्हणून रेशनला जाताना त्याच ॲपवरून थोड्या वेळापुरतं उघडायचं, ते नंतर आपोआप पुन्हा बंद होतं. घरातल्या म्हाताऱ्यांचं लॉक केलं तर हे शिकवून ठेवा, नाहीतर दुकानदार त्यांना परत पाठवेल आणि ते तुम्हाला शिव्या देतील. याच ठिकाणी गेल्या सहा महिन्यांत आधार कुठे वापरलं गेलं त्याची यादी दिसते. अनोळखी नोंद दिसली तर आधारच्या १९४७ या नंबरवर कळवा.

झेरॉक्स देताना आठ आकडे झाकलेलं आधार द्या, ते संकेतस्थळावरून उतरवता येतं. पूर्ण झेरॉक्स द्यावीच लागली तर त्यावर आडवं लिहा, 'फक्त अमुक कामासाठी, तारीख अमुक'. झेरॉक्सवाल्याकडे व्हॉट्सॲपवर पाठवलेलं आधार त्याच्या फोनमध्ये राहतं, ते समोरच पुसायला सांगा. राग येईल त्याला, येऊ दे.

तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते संचार साथी पोर्टलवर ओटीपी टाकून बघता येतं. जे तुमचं नाही त्यावर 'माझा नंबर नाही' दाबा.

नावावर कर्ज निघालं असेल तर

हे वसुलीचा फोन आल्यावर कळतं. त्याआधी कळायचं असेल तर सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून आपल्या कर्जांचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. चौघींचे चार, म्हणजे दर तीन महिन्यांनी एक मागवता येतो. बचत गटातल्या बायकांनी क्रिफचा आधी बघावा, कारण मायक्रोफायनान्सची कर्जं तिथे जास्त दिसतात. एजंटाने 'फक्त सही कर, हप्ता मी भरतो' म्हणून घेतलेलं कर्ज कोणाच्या नावावर आहे ते त्या कागदावर सरळ वाचता येतं.

अनोळखी कर्ज दिसलं तर आधी १९३०/पोर्टलवर तक्रार, मग कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी, 'मी हे कर्ज घेतलेलं नाही, केवायसीची कागदपत्रं, फोटो आणि रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली ते दाखवा'. जमा झालेलं खातं तुमचं नसेल तर तिथेच निम्मं काम झालं. तीच तक्रार अहवाल देणाऱ्या कंपनीकडेही करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, आणि ती मागावी. वसुलीवाल्याला 'थोडे भरतो, विषय संपवा' असं भीतीपोटी म्हणू नका. एक हप्ता भरला की कर्ज तुम्ही मान्य केलं असा अर्थ ते लावतात.

आणि तुमचंच खातं गोठवलं तर

गणपत गल्ली, खडे बाजारात दुकान असणाऱ्यांना हे होऊ शकतं. गिऱ्हाईकाने यूपीआयने दिलेले पैसे कुठून तरी चोरलेले निघतात आणि परराज्यातल्या पोलिसांच्या तक्रारीवरून तुमचं खातं अडतं. बँकेकडून लेखी घ्या: तक्रार क्रमांक, कोणत्या राज्यातलं कोणतं ठाणं, वादातली रक्कम किती. मग त्या ठाण्याला ईमेलने बिलाची प्रत आणि स्टेटमेंट पाठवून विनंती करा की तेवढीच रक्कम रोखावी, खातं मोकळं करावं. हजार-दोन हजारांसाठी पूर्ण खातं अडकून ठेवण्याचं कारण नसतं, पण मागितल्याशिवाय कोणी सोडत नाही. बिल नसेल तर काम अवघड होतं, म्हणून अनोळखी गिऱ्हाईकाच्या मोठ्या खरेदीचं बिल नाव आणि मोबाईल नंबरसकट फाडावं. कॉलेजच्या पोरांना कोणी 'खातं वापरायला दे, महिन्याला पैसे देतो' म्हणालं तर तेच खातं या साखळीत वापरलं जातं, आणि त्या पोराकडे दाखवायला बिलही नसतं.